चेंडू येण्याआधीची वर्षे

२०१७ च्या मार्चमध्ये इंडियानापोलिसला जॉन रॉस नावाच्या तरुणाने चाळीस यार्डांचे अंतर ४.२२ सेकंदांत कापले. महाविद्यालयातून बाहेर पडणारे खेळाडू व्यावसायिक संघांपुढे आपला वेग, उडी आणि ताकद दाखवतात ती अमेरिकन फुटबॉलची वार्षिक चाचणी या शहरात १९८७ पासून भरते. तिथल्या इलेक्ट्रॉनिक घड्याळाने एवढा वेग तोवर कधी नोंदवला नव्हता. पुढच्याच महिन्यात सिनसिनाटी बेंगल्सनी रॉसला देशभरातून नवव्या क्रमांकावर निवडले. त्याच वर्षी कूपर कप या दुसऱ्या वाइड रिसीव्हरला तेवढ्याच अंतराला ४.६२ सेकंद लागले. तो ईस्टर्न वॉशिंग्टन या दुय्यम श्रेणीत खेळणाऱ्या विद्यापीठाचा. त्याला लॉस एंजेलिस रॅम्सनी एकोणसत्तराव्या क्रमांकावर घेतले. रॉसने पहिल्या हंगामात एकही झेल घेतला नाही आणि साऱ्या कारकिर्दीत मिळून ६२ घेतले. कपने २०२१ च्या एकाच हंगामात १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन अशी कामगिरी केली. या तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये पहिला होता, आणि त्या हंगामाच्या सुपर बोलचा, म्हणजे अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. रॉसच्या वाट्याला दुखापतीही आल्या, त्यामुळे या एका जोडीवरून वेगाला किंमत नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पण एक प्रश्न मात्र ही जोडी नेमका विचारते. वाइड रिसीव्हर घडतो कशाने, आणि घडायला त्याला वेळ किती मिळतो?

या पुस्तकाचा विषय तो वेळ आहे. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला तरुण रिसीव्हर हा त्या खेळातला सर्वांत देखणा आणि सर्वाधिक चित्रित झालेला खेळाडू. एका हाताने हवेत घेतलेला झेल, रेषेच्या आत जेमतेम टेकलेली दोन्ही पावले, मागे पडलेला बचावपटू ही दृश्ये जगभर फिरतात आणि ती पाहून हे सारे उपजत देणगीचे काम आहे असे वाटू लागते. माझे म्हणणे वेगळे आहे. रिसीव्हरचे काम अतिशय सावकाश शिकले जाते, आणि ते ज्या व्यवसायात करायचे तो व्यवसाय अतिशय थोडी वर्षे देतो. शिकायला लागणारी वर्षे आणि मिळणारी वर्षे यांच्यातले अंतर कोणी, कसे आणि कोणाच्या खर्चाने भरून काढले, याचा इतिहास म्हणजेच या कारकिर्दीचा इतिहास.

ज्या वाचकाने हा खेळ कधी पाहिलेला नाही त्याच्यासाठी थोडी ओळख करून देतो. मैदान शंभर यार्ड लांब आणि त्रेपन्न यार्डांहून किंचित जास्त रुंद. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा गोलपट्टा; समोरच्या गोलपट्ट्यात चेंडू नेला किंवा झेलला की टचडाउन. एका वेळी एका संघाचे अकरा जण उतरतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू जातो. पुढे सरकण्याचे मार्ग दोनच, चेंडू हातात घेऊन धावणे किंवा तो पुढे फेकणे. फेकणारा तो क्वार्टरबॅक. मैदानाच्या कडेकडेला उभा राहून, ठरलेल्या वाटेने धावत जाऊन तो चेंडू घेणारा तो वाइड रिसीव्हर. या ठरलेल्या वाटेला खेळाडू 'रूट' म्हणतात. सरळ दहा यार्ड जाऊन आत वळणे, बारा यार्डांवर थांबून मागे फिरणे, तिरके कापत मधल्या भागात शिरणे अशा मूळ वाटा मोजक्याच आहेत; पण प्रत्येकीत पावले किती, वळताना वजन कोणत्या पायावर, खांदे कुठे आणि नजर कुठे, हे सारे नेमलेले असते.

समोरचा बचावपटू पहिल्या पाच यार्डांत हातांनी अडवू शकतो, मागचे बचावपटू कधी माणूस वाटून घेतात तर कधी मैदानाचे पट्टे वाटून घेतात. रिसीव्हरने हे धावता धावता ओळखून आपली वाट बदलायची असते, आणि नेमक्या त्याच क्षणी तोच निष्कर्ष क्वार्टरबॅकनेही काढलेला असावा लागतो. कारण चेंडू रिसीव्हर वळण्याआधीच हातातून सुटलेला असतो. तो वळून पाहतो तेव्हा चेंडू हवेत अर्ध्या वाटेवर आलेला असतो. गवई आणि तबलजी आपापल्या अंगाने विस्तार करत निघतात आणि एकमेकांकडे न पाहताही समेवर एकत्र येतात, तशी ही भेट असते. ती एका महिन्याच्या सरावाने साधत नाही. आणि ती किती कमी वेळा घडते पाहा. कपच्या त्या अपूर्व हंगामातही एका सामन्यामागे सरासरी साडेआठ झेल पडतात, तर संघाच्या चढाया, म्हणजे वर सांगितलेले प्रयत्न, साधारण साठ-पासष्ट होतात. उरलेल्या बहुतेक चढायांत रिसीव्हर बचावपटूंना आपल्यामागे ओढून नेतो, दुसऱ्यासाठी जागा करतो किंवा अंगाने अडवतो. या कामाची नोंद त्याच्या नावावर जवळपास होतच नाही.

मुळात ही भूमिकाच नियमांनी निर्माण केली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन फुटबॉल म्हणजे माणसांच्या भिंती एकमेकींवर आदळण्याचा खेळ होता. त्या वेळच्या वृत्तपत्रीय नोंदींनुसार १९०५ च्या हंगामात १८ जण दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्याला मान्यता मिळाली ती या रक्तपातावरचा उपाय म्हणून. त्या सप्टेंबरात सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने नियमानुसार पहिला चेंडू पुढे फेकला. तो कोणाच्याही हाताला न लागता पडला आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे प्रतिपक्षाकडे गेला. इतकी जबर शिक्षा असताना कोणता संघ धोका पत्करेल? त्यामुळे पुढची पंचवीसेक वर्षे फेक हा प्रासंगिक डावपेच राहिला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक लीगने, म्हणजे आजच्या एनएफएलने, १९३३ साली, चढाई जिथून सुरू होते त्या आरंभरेषेच्या मागे कुठूनही चेंडू फेकायची मुभा दिली आणि दोनच वर्षांनी ग्रीन बे पॅकर्समध्ये डॉन हटसन आला. फसवी वळणे, वेग बदलत धावणे, बचावपटूला एका बाजूला झुकवून दुसरीकडे निघून जाणे हे सारे त्याने पद्धतशीर केले. अकरा हंगामांत त्याने ९९ टचडाउन झेलले, आणि तो विक्रम १९८९ मध्ये स्टीव्ह लार्जंटने मोडेपर्यंत टिकला. ज्याला आज रिसीव्हर म्हणतात तो हटसनपासून सुरू होतो, असे म्हणायला माझी हरकत नाही.

दुसरे मोठे वळण १९७८ चे. पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्का देण्यावर बंदी आली, आणि क्वार्टरबॅकच्या रक्षकांना हात पसरून अडवण्याची मोकळीक मिळाली. खेळाचा तोल फेकीकडे झुकला तो कायमचा. मात्र त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, हंगामापूर्वीच्या एका सामन्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा डॅरिल स्टिंगली मधल्या भागात चेंडूसाठी झेपावला असता ओकलंडच्या जॅक टेटमची धडक त्याला बसली आणि सव्विसाव्या वर्षी त्याचे शरीर मानेखाली लुळे पडले. त्या धडकेवर शिट्टी वाजली नाही, कारण ती नियमात बसत होती. हवेत असलेल्या, स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या खेळाडूला संरक्षण देणारे नियम पुढे हळूहळू आले आणि २०१० च्या सुमारास कडक झाले. रिसीव्हरचे आयुष्य नियमांच्या वहीवर किती अवलंबून असते याचा यापेक्षा थेट पुरावा देता येणार नाही. हटसनचे किंवा पुढे भेटणाऱ्या जेरी राइसचे आकडे आजच्या तरुणांच्या आकड्यांशेजारी मांडताना हे विसरले जाते. त्या आकड्यांमागे सामने वेगळे आहेत, नियम वेगळे आहेत आणि घेतलेला धोकाही वेगळा आहे.

नियमांनी जागा दिली. त्या जागेत काय करायचे हे प्रशिक्षकांच्या परंपरांनी ठरवले. पहिली परंपरा सिड गिलमनची. सॅन डिएगो चार्जर्समध्ये त्याने मैदानाकडे भूमितीची आकृती म्हणून पाहिले आणि चित्रफितींचा अभ्यास हा रोजच्या कामाचा भाग केला. बचाव लांबीत ताणायचा, मग मधली जागा आपोआप मोकळी होते, हा तिचा गाभा. लान्स ॲलवर्थ हा तिचा पहिला मोठा रिसीव्हर आणि डॉन कोर्येल हा तिला पुढे नेणारा प्रशिक्षक. याच काळात टोकियो ऑलिंपिकचा शंभर मीटर विजेता बॉब हेज १९६५ मध्ये डॅलस काउबॉइजकडे आला. त्याला एकट्याने धावत गाठणे अशक्य असल्याने बचावांनी पट्टे वाटून घेण्याच्या पद्धती अधिक बारकाईने विकसित केल्या. वेगवान माणसाने केलेला हा बदल खरा; पण त्याचा परिणाम असा झाला की त्याच्यानंतरच्या प्रत्येक रिसीव्हरला नुसता वेग पुरेनासा झाला आणि पट्ट्यांतल्या फटी वाचायला शिकावे लागले. ज्यांना देणगीच सर्वस्व वाटते त्यांनी हेजचे उदाहरण पुढपर्यंत तपासावे.

दुसरी परंपरा बिल वॉल्शची. सिनसिनाटीत कमकुवत हाताच्या क्वार्टरबॅकसाठी त्याने आखडत्या, आडव्या, क्षणांवर मोजलेल्या फेकींची पद्धत बांधली आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सकडे नेऊन तीन सुपर बोल जिंकले. इथे रिसीव्हरचे मूल्य पावलांच्या अचूकपणात आणि झेलानंतरच्या धावण्यात होते. तिसरी परंपरा शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांतून वर आली. टायगर एलिसन आणि माउस डेव्हिस यांच्या 'रन अँड शूट'ने रिसीव्हरला धावता धावता वाट निवडण्याचे स्वातंत्र्य दिले. १९८९ पासून हॅल मम आणि माइक लीच यांनी आयोवा वेस्लियन या लहानशा महाविद्यालयात 'एअर रेड' उभी केली आणि तिने उलटी दिशा घेतली. वाटा थोड्या ठेवायच्या, पण त्या इतक्या वेळा गिरवायच्या की विचार करावा लागू नये. आजच्या व्यावसायिक संघांत या तिन्ही धारा मिसळलेल्या आहेत. म्हणूनच महाविद्यालयात एका धारेत वाढलेला तरुण दुसऱ्या धारेच्या संघात पडला की दोन वर्षे चाचपडतो. प्रेक्षक त्याला 'फुसका बार' ठरवतात, आणि चूक पुष्कळदा त्याला तिथे नेणाऱ्यांची असते.

या परंपरांच्या खाली आणखी एक प्रवाह आहे आणि त्याच्याशिवाय हे चित्र खोटे ठरेल. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतले तेव्हा ती भिंत पडली. पण दक्षिणेतली मोठी विद्यापीठे त्यानंतरही बराच काळ बंद राहिल्याने असंख्य गुणी मुले कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांत शिकली आणि खेळली. प्रेअरी व्ह्यूचा ओटिस टेलर, ग्रॅम्बलिंगचा चार्ली जॉइनर, अलाबामा ए अँड एमचा जॉन स्टॉलवर्थ, मिसिसिपी व्हॅली स्टेटचा जेरी राइस ही त्या मैदानांची देन. 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात वर्षानुवर्षे या महाविद्यालयांचे वार्तांकन करणारे बिल नन पुढे स्टीलर्सचे शोधक झाले. इतर संघांनी ज्या मैदानांकडे पाहिलेच नव्हते तिथून त्यांनी १९७४ मध्ये चौथ्या फेरीत स्टॉलवर्थ आणला. आज लीगमधले बहुसंख्य रिसीव्हर कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्या यशाला 'जन्मजात चपळाई'चे कौतुक चिकटवले जाते तेव्हा या शाळांनी, प्रशिक्षकांनी आणि खुद्द खेळाडूंनी केलेला अभ्यास पुसला जातो. मला हे कौतुक अपमानास्पद वाटते.

आता वेळेच्या हिशेबाकडे येऊ. शाळा संपून तीन वर्षे झाल्याशिवाय एनएफएलच्या निवडप्रक्रियेत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, उतरता येत नाही. सात फेऱ्यांत सुमारे अडीचशे खेळाडू निवडले जातात. उन्हाळ्याच्या शिबिरात प्रत्येक संघाकडे नव्वद जण असतात आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यांतून त्रेपन्न उरतात. बत्तीस संघांचा हिशेब केला तर साधारण १,२०० माणसे काही दिवसांत संघाबाहेर जातात. त्यांतल्या काहींना सराव पथकात जागा मिळते, बाकीचे घरी. ड्राफ्टमधून आलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा, आणि कामगिरी कितीही थोर असली तरी तीन हंगाम होईपर्यंत तो बदलता येत नाही. खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द सुमारे ३.३ वर्षांची सांगते. लीगचे उत्तर असे की पहिल्याच वर्षी हंगामाच्या सुरुवातीच्या संघात जागा मिळवणाऱ्यांची सरासरी सहा वर्षांच्या आसपास आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. वाद कोणाला मोजायचे याचा आहे. शिबिरातून परत गेलेल्या मुलाला खेळाडू मानायचे की नाही? मी संघटनेच्या बाजूने आहे, कारण जो गाळला गेला त्याचीही पंधरा वर्षे याच शिक्षणात गेलेली असतात.

याउलट शिकायला किती लागतात? अमेरिकेतले जाणकार फार काळ म्हणत आले की रिसीव्हर तिसऱ्या वर्षी उमलतो. खुद्द राइसने पहिल्या हंगामात हातातले झेल इतके सोडले की घरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्या वर्षी त्याचे ९२७ यार्ड झाले आणि दुसऱ्या वर्षी १,५७०. तो पुढे बेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला आणि २२,८९५ यार्डांचा त्याचा विक्रम अजून कोणाच्या टप्प्यात आलेला नाही. आता इथे एक रास्त आक्षेप येतो. जस्टिन जेफरसनने २०२० मध्ये पहिल्याच वर्षी १,४०० यार्ड केले, जमार चेसने २०२१ मध्ये १,४५५, आणि पाचव्या फेरीत १७७ व्या क्रमांकावर निवडलेल्या पुका नाकुआने २०२३ मध्ये १०५ झेल व १,४८६ यार्ड करून बिल ग्रोमनचा १९६० पासूनचा नवोदितांचा विक्रम मोडला. मग सावकाश शिकण्याचा सिद्धान्त जुना झाला का? मला तसे वाटत नाही. शिक्षण लहान झालेले नाही, ते मागे सरकले आहे. शाळकरी मुले आज उन्हाळाभर सात-सात जणांचे, धडकांविना, निव्वळ फेक आणि झेल यांचे सामने खेळतात. महाविद्यालये व्यावसायिक संघांच्याच पद्धती वापरतात. जेफरसन आणि चेस २०१९ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात एकाच संघात होते. जो बरो त्यांना चेंडू फेकत होता, आणि तो संघ पंधरापैकी पंधरा सामने जिंकून विजेता झाला. व्यवसायात आले तेव्हा त्यांचे अर्धे शिक्षण पुरे झालेले होते. सिनसिनाटीने चेसला घेतले तेव्हा तिथे बरो आधीच होता, म्हणजे चेसला जुळवून घेण्याची वर्षे पुन्हा खर्च करावी लागली नाहीत.

यातून निघणारी गोष्ट पैशाशी जोडलेली आहे. जी वर्षे पूर्वी संघाच्या पगारावर शिकण्यात जात, ती आता मुलाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या खर्चाने जातात. १ जुलै २०२१ पर्यंत महाविद्यालयीन खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवायलाही बंदी होती, आणि त्याच्या जोरावर विद्यापीठे लाखोंची स्टेडियम भरत होती. ती बंदी उठली. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतः खेळाडूंना वाटा देऊ लागली. हे उशिरा आलेले न्याय्य पाऊल आहे असे मी मानतो. खेळाची निरागसता गेली अशी हळहळ करणाऱ्यांनी हे सांगावे की ती निरागसता कोणाच्या फायद्याची होती.

दुसरा आक्षेप मोबदल्याचा. जेफरसनला २०२४ मध्ये चार वर्षांचे १४ कोटी डॉलर मिळाले, चेसला २०२५ मध्ये १६ कोटी १० लाख. एवढे पैसे मिळवणाऱ्यांच्या अडचणी कशाला मांडायच्या? पण हे आकडे शिखराचे आहेत, आणि शिखरावरही जेफरसनच्या रकमेतले ११ कोटी व चेसच्या रकमेतले ११ कोटी २० लाख एवढेच हमीचे. विक्रम मोडणाऱ्या नाकुआचा पहिला करार चार वर्षांचा मिळून सुमारे ४० लाख डॉलरचा होता. एका दुखापतीने तो तिथेच थांबला असता. कपचेच पाहा. २०२२ च्या फेब्रुवारीत तो जगाचा सर्वोत्तम रिसीव्हर होता, २०२३ च्या सुरुवातीला जायबंदी होऊन बाहेर बसला तेव्हा त्याची जागा नाकुआने भरली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये रॅम्सनी एकतिसाव्या वर्षी त्याला मोकळे केले. इथे कोणी दुष्टपणा केला असे मला म्हणायचे नाही. पगाराची कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये स्वस्त तरुणाईच महाग प्रौढांना बाहेर ढकलते, आणि रिसीव्हरचे मोल त्यामुळे नेहमी पुढच्या ड्राफ्टच्या सावटाखाली ठरते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. खरा थोर खेळाडू परिस्थितीला पुरून उरतो, असे म्हटले जाते, आणि डिआंड्रे हॉपकिन्सचा दाखला दिला जातो. ह्यूस्टनच्या संघात २०१५ मध्ये चार वेगवेगळ्या क्वार्टरबॅकच्या हाताखाली त्याने १,५२१ यार्ड केले. दाखला खराच विलक्षण आहे. पण त्याच माणसाचे, त्याच संघात, पुढच्याच वर्षी ९५४ यार्ड झाले आणि त्यानंतरच्या वर्षी १,३७८. हात तेच, पाय तेच, अभ्यास तोच. आकडे मात्र वर-खाली. रिसीव्हरला चेंडू स्वतःहून मिळवता येत नाही, तो येण्याची वाट पाहावी लागते. तरीही करार ठरतो त्याच्या एकट्याच्या नावापुढच्या आकड्यांवर. रँडी मॉससारखा कोणी पहिल्या वर्षी १७ टचडाउन झेलतो तेव्हा हे अवलंबन दिसत नाही. पण मॉस अपवाद होता. अपवादांवरून व्यवसाय समजत नाही.

शरीराबद्दल बोलताना आकड्यांची काळजी घ्यावी लागते. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला गेलेला, मेंदूचा ऱ्हास करणारा सीटीई हा आजार मृत्यूनंतरच्या तपासणीतच निश्चित होतो. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले आणि ११० मध्ये तो आढळला. मात्र ते मेंदू बहुधा लक्षणे पाहूनच कुटुंबीयांनी दान केलेले होते. सर्व खेळाडूंचे प्रमाण त्यावरून काढता येत नाही, आणि संशोधकांनीही तसे म्हटलेले नाही. एवढे मान्य करूनही रिसीव्हरांची नावे समोर येतात तेव्हा मन थरारते. ख्रिस हेन्री सव्विसाव्या वर्षी गेला आणि खेळत असतानाच वारलेल्या खेळाडूत सीटीई सापडल्याचे ते पहिले उदाहरण ठरले. व्हिन्सेंट जॅक्सन अडतिसाव्या वर्षी गेला, डिमेरियस थॉमस तेहतिसाव्या. दोघांच्याही मेंदूत हा आजार दुसऱ्या टप्प्यावर पोचलेला होता. रिसीव्हर आघाडीच्या फळीतल्या खेळाडूंसारखा प्रत्येक चढाईला डोके आपटत नाही, म्हणून तो सुरक्षित, हा समज या तीन नावांपुढे टिकत नाही. कॅल्विन जॉन्सनने २०१५ च्या हंगामानंतर, तीनच वर्षांपूर्वी १,९६४ यार्डांचा विक्रम केलेला असताना, तिशीत निवृत्ती घेतली तेव्हा अनेकांना ते कोडे वाटले होते. मला त्यात कोडे दिसत नाही.

मराठी वाचकाने हे का वाचावे? १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळ मंजूर झाले. आपल्याकडे बातमी झाली ती क्रिकेटची, आणि ते स्वाभाविक होते. त्याच ठरावात फ्लॅग फुटबॉलही होता. यात पाच-पाच जण खेळतात, धडक नसते, कमरेची पट्टी ओढली की चढाई थांबते. धडक काढून टाकल्यावर या खेळात उरते ते मुख्यतः रिसीव्हरचे काम, म्हणजे वाट, वळण, वाचन आणि झेल. २०२५ मध्ये एनएफएलच्या संघमालकांनी आपल्या खेळाडूंना ऑलिंपिकमध्ये उतरण्याची परवानगी दिली. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत ही नावे आपल्या घरातल्या पडद्यावर येतील, आणि केवळ झेलांची दृश्ये पाहून मत बनवण्याआधी त्यांच्यामागचे काम ठाऊक असलेला वाचक मराठीत असावा, ही या पुस्तकाची पहिली इच्छा आहे. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे. कोवळ्या वयात एका खेळाला वाहून घेणारी, लिलावात किंवा निवड चाचणीत एका दिवशी भाव ठरणारी आणि पंचविशीत संपू शकणारी कारकीर्द आता आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक झाली आहे. ती तुलना पुस्तकाच्या लेखकाने केलेली नाही, आणि ही प्रस्तावना लिहिणारा मीही इथे करत नाही. ती करायला लागणारी सामग्री मात्र पुढच्या पानांत भरपूर आहे.

पुस्तकाची मांडणी नायकांच्या चरित्रमालिकेसारखी नाही. एका तरुणाची शाळा ते निवृत्ती अशी वाट धरून ती प्रत्येक टप्प्यावर थांबते आणि तिथे कोण निर्णय घेतो, कशाच्या आधारे घेतो, चुकला तर किंमत कोण मोजतो, हे पाहते. डावपेचांची चर्चा कारकीर्द समजायला लागते तेवढीच आहे. ज्यांना आकृत्यांसह सविस्तर तंत्र हवे त्यांचे इथे समाधान होणार नाही. खेळाडूंच्या निवडीवर वाद होईल. टेरेल ओवेन्स किंवा लॅरी फिट्झगेराल्ड यांना थोडी जागा मिळाली आहे, आणि चौथ्या फेरीत ११२ व्या क्रमांकावर निवडला गेलेला अमॉन-रा सेंट ब्राउन मात्र वारंवार भेटतो. त्याने स्वतःच्या आधी निवडलेल्या सोळा रिसीव्हरांची नावे पाठ केली होती, आणि तीन हंगामांनी त्याला १२ कोटी डॉलरचा करार मिळाला. लेखकाने त्या सोळा जणांचाही पुढचा प्रवास शोधला आहे. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला एनएफएलमध्ये तीन ग्राह्य हंगाम लागतात. पुस्तकातला सर्वांत मोठा भाग ते तीन हंगाम गाठू पाहणाऱ्यांविषयी आहे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची नावे अमेरिकेतल्या वाचकांनाही नवी असतील.